परत एकदा चालवून बघा

मी काय काम करतो हे करमाडच्या आमच्या भावकीत अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. मलासुद्धा नाही. वडील होते तोवर ते पाहुण्यांना सांगायचे, "आमचा थोरला कम्प्युटरवाल्यांच्या चुका काढतो." पाहुणे विचारायचे, "आन् त्याचा पगार देत्यात त्याला?" वडील म्हणायचे, "व्हय. लई चुकत आसतील." माझ्या पेशाची याहून चांगली व्याख्या मला पुढं कुठल्याही पुस्तकात मिळाली नाही.

तेव्हा संपादकांनी फोन करून "तुमच्या क्षेत्रातले थरारक अनुभव लिहा" असं सांगितलं, त्यावर मी आधी नकोच म्हणालो. पोलीस, वकील, सर्पमित्र यांच्या पंगतीत आपलं ताट मांडायचं म्हणजे जरा अवघडच. आमच्या क्षेत्रात थरार म्हणजे पडद्यावरची हिरवी ओळ लाल होणं. ती लाल झाल्यावर आम्ही काय करायचो हे मी खरंखरं लिहिलं तर वाचकांचा सॉफ्टवेअरवरचा विश्वास उडेल, अशी भीती होती. पण आता कंपनीनं शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला आहे, त्यामुळं लिहायला हरकत नाही.

या कंपनीत येण्याआधी मी वाळूजला एका कारखान्यात क्वालिटीत होतो. मशीनवरून उतरलेली पिन गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायची. बसली तर पास, अडकली तर बाद. पिनेचा एक मोठा गुण मला तेव्हा कळला नाही. सकाळी मोजलेली पिन दुपारचा डबा खाऊन आल्यावरही तेवढीच असते. कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा एक कोर्स करून मी चिकलठाण्याच्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागलो. वयानं सगळ्यांचा काका. मला वाटलं, गेज तेवढं बदललं, काम तेच आहे. हा गैरसमज मी पुढं कित्येक वर्षं जिवापाड जपला.

आमचं सॉफ्टवेअर डायलिसिस सेंटरांसाठी होतं. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांना आठवड्यातून दोन-तीन वेळा मशीनशेजारच्या खुर्चीत काही तास बसावं लागतं. मशीन त्यांचं रक्त साफ करून परत देतं. पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, धाप लागते. चुकतच गेली तर माणूस जातो. खुर्च्या थोड्या आणि माणसं भरपूर. एका ट्रस्टची अशी सेंटरं होती. एक इथं छत्रपती संभाजीनगरात, एक सिल्लोडला, आणखी काही तालुक्याच्या गावांत. कुणी कुठल्या सेंटरला, कुठल्या पाळीत, कुठल्या खुर्चीवर बसायचं हे आमचं सॉफ्टवेअर सांगायचं.

आता थोडं तांत्रिक सांगतो, घाबरू नका. तालुक्याच्या गावी इंटरनेट मर्जीनं येतं आणि मर्जीनं जातं. ते गेलं म्हणून सेंटर बंद ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येक सेंटरला सगळ्या माहितीची स्वतःची एक प्रत दिलेली होती. सिल्लोडला काही नोंदवलं की ते सिल्लोडच्या प्रतीत ताबडतोब उतरतं आणि शहरातल्या प्रतीत जरा वेळानं. बहुतेकदा हा 'जरा वेळ' पापणी लवण्याइतका. लाइन रखडली तर मात्र चांगला घोटभर चहा पिऊन व्हावा एवढा. असल्या डेटाबेसचं वचन एवढंच असतं की अखेरीस सगळ्या प्रतींत एकच गोष्ट असेल. 'अखेरीस' म्हणजे नेमकं केव्हा, हे तो सांगत नाही. लग्नाची तारीख करमाडला बदललेली असते, पण पडेगावच्या मामांना ती अजून कळलेली नसते, तसं हे. खोटं कुणीच बोलत नाही, संध्याकाळपर्यंत सगळे एकाच तारखेवर येतात. प्रश्न एवढाच की मामा मधल्या वेळात आहेर घेऊन निघाले तर काय.

माझं काम म्हणजे हे सगळं बरोबर चालतं का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम लिहिणं. यांना आम्ही टेस्ट म्हणतो. टेस्ट खोटा पेशंट बनून येते, खुर्ची मागते, बदलते, रद्द करते, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर जे दिसायला हवं ते दिसतंय का बघते. दिसलं तर हिरवी, नाही तर लाल. प्रोग्रॅमर मंडळींनी काहीही बदल केला की सगळ्या टेस्ट आपोआप धावायच्या. माझ्या खोट्या पेशंटाचं नाव मी गणपत चाचणे ठेवलं होतं. गणपतला किडन्या नव्हत्या, हातपाय नव्हते, आधारकार्ड नव्हतं, पण त्याच्याइतकं डायलिसिस मराठवाड्यात कुणाचं झालं नसेल. त्याची मला इतकी सवय झाली होती की एकदा बायकोनं विचारलं, "हे गणपतराव ऑफिसात कुठल्या खात्यात असतात?"

गणपतनं माझी पहिली फजिती केली ती रद्द करण्याच्या बटनावर. टेस्ट अशी होती: शहरात गणपतची खुर्ची नोंदवायची, मग ती रद्द करायची, आणि सिल्लोडच्या पडद्यावर ती नवी नोंद नाही ना ते बघायचं. टेस्ट पहिल्याच दिवशी हिरवी झाली आणि पुढं महिनाभर रोज हिरवी होत राहिली. मी मॅनेजरसाहेबांना दाखवली, त्यांनी ट्रस्टच्या लोकांना दाखवली. मग एक दिवस नसरीन माझ्या टेबलाशी आली. नसरीन आमची प्रोग्रॅमर, शहागंजात वाढलेली, कामात एकदम पक्की.

"काका, तुमची रद्दवाली टेस्ट हिरवी कैसी हो रई?"

"म्हणजे? तू काम चांगलं केलंस म्हणून."

"काका, वो बटन मैं अभी बनाईच नई."

मी खुर्चीत बसून होतो ते बरं झालं. बटन नसताना टेस्टनं दाबलं काय? तर मीच तिला सांगून ठेवलं होतं की वाटेत काही अडलं तर बोंब मारू नकोस, पुढं जा. आणि सिल्लोडच्या पडद्यावर ती नोंद का नव्हती? तर शहरात केलेली नोंद सिल्लोडला पोहोचायच्या आतच टेस्ट तिथं जाऊन बघत होती. खुर्ची रद्द झालेली नव्हती, ती तिथं अजून आलेलीच नव्हती. जे आलंच नाही ते गेलं म्हणून मी महिनाभर पेढे खात होतो. एखादी गोष्ट नाही हे तपासायचं असेल तर आधी ती तिथं होती हे बघून घ्यावं लागतं, एवढी साधी अक्कल मला या वयात आली. नसरीननं मात्र ही गोष्ट ऑफिसात कुणाला सांगितली नाही. फक्त माझ्याकडं बघून अधूनमधून हसायची.

या फजितीनंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. टेस्ट घाई करते काय, मग तिला थांबायला लावू. नोंद केल्यावर टेस्टनं पाच सेकंद स्वस्थ बसायचं आणि मगच बघायला जायचं. पाचानं भागेना तेव्हा दहा. एका ठिकाणी भागलं म्हणून सगळीकडं. हळूहळू माझ्या टेस्टमध्ये कामापेक्षा थांबणं जास्त झालं. सकाळी चालू केलेल्या टेस्ट जेवणाची सुट्टी संपली तरी आटपत नव्हत्या, आणि प्रोग्रॅमर मंडळी माझ्या नावानं बोटं मोडत बसायची. पोरांनी माझं नाव 'थांबा काका' पाडलं. एकानं माझ्या टेबलावर एसटीच्या विनंती थांब्याची पाटी काढून चिकटवली. मी ती काढली नाही, कारण हातानं रंगवलेली होती आणि चांगली होती. गंमत म्हणजे एवढं थांबूनही उपयोग शून्य. लाइन चांगली असेल त्या दिवशी सगळं फुकट ताटकळायचं, आणि वाईट असेल त्या दिवशी तेवढं थांबणंही अपुरं पडायचं.

त्यातली एक टेस्ट सगळ्यात नाठाळ. गणपतनं सिल्लोडची खुर्ची सोडून शहरातली घेतली, तर शहराच्या पडद्यावर ती त्याच्या नावावर दिसली पाहिजे, एवढीच. ही कधी हिरवी व्हायची, कधी लाल. सकाळी रुसायची, दुपारी हसायची. आम्ही तिचं नावच रुसूबाई ठेवलं. आणि रुसूबाईमुळं आमच्या ऑफिसात ती प्रथा पडली.

प्रथा अशी. रुसूबाई लाल झाली की कुणीतरी ओरडायचं, "परत एकदा चालवून बघा!" बटन दाबायचं आणि सगळ्यांनी खाली टपरीवर चहाला जायचं. वर येईपर्यंत बहुतेकदा ती हिरवी झालेली असायची. मग सगळे आपापल्या कामाला. लाल का झाली होती हे कुणी विचारत नसे. हिरव्याला कोण प्रश्न विचारतो? पुढं मॅनेजरसाहेबांनी फळ्यावर नियमच लिहून टाकला: सलग तीनदा लाल झाली तरच खरी लाल समजावी. मला तो नियम अतिशय पसंत पडला. वाळूजला असताना एखादी पिन गेजमध्ये अडकली आणि मी ती बसेपर्यंत परत परत ठोकली असती, तर फोरमननं मला गेटाबाहेर काढलं असतं. पण पिन म्हणजे पिन आणि सॉफ्टवेअर म्हणजे सॉफ्टवेअर, असं मी स्वतःला समजावलं. चहाही चांगला असायचा.

अशात सेंटरवरून तक्रार आली. मॅनेजरसाहेबांनी मला पाठवलं, कारण समोर पांढऱ्या केसांचा माणूस असला की लोक कमी ओरडतात असा त्यांचा अनुभव होता.

शहरातल्या सेंटरची व्यवस्था सिंधू सिस्टर बघायच्या. त्यांनी दारातच मला बाजूला घेतलं आणि बाकाकडं बोट केलं. बाकावर एक म्हातारे गृहस्थ पुढं वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसले होते. लाल पटका, धोतर, खांद्यावर घोंगडी. श्वास घेताना खांदे वरखाली होत होते. हे भागोजीबाबा. सोयगावकडचे मेंढपाळ. शेजारी त्यांची सून कमल उभी होती.

सिस्टरांनी सगळं सांगितलं. बाबा गावाकडं असले की सिल्लोडच्या सेंटरला यायचे. पण उन्हाळ्यात घरची मेंढरं चाऱ्यासाठी खाली सरकायची आणि मुक्काम शहराला लागूनच्या पडेगावच्या माळावर पडायचा. किडन्या गेल्या तरी बाबा मेंढरं सोडून घरी राहायला तयार नव्हते. मग मुक्काम हलला की कमलबाई फोनमधल्या आमच्या ॲपवरून त्यांचं सेंटर बदलायच्या. 'सेंटर बदला' हे बटन आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त कुणी वापरलं असेल तर या घरानं. गणपत सोडून.

कमलबाईंनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. "हे बगा सायेब. 'तुमची खुर्ची ठरली' आसं म्हनतंय का नाय? मंग खुर्ची कुठाय?"

"माझ्या पडद्यावर यांचं नाव नाही," सिस्टर म्हणाल्या. "सिल्लोडला फोन केला. तिथल्या पडद्यावरही नाही. तिथली खुर्ची सोडली म्हणून दुसऱ्याला गेली."

भागोजीबाबांनी मान वर केली. एकेक शब्द श्वास घेऊन बोलले. "मेंढरू बी... संध्याकाळी... कोन्च्या ना कोन्च्या वाड्यात आसतं. मी कुठंच नाय व्हय?"

मी "सिस्टीम तपासतो" असं काहीतरी पुटपुटलो. सिस्टरांनी पुढच्या पाळीतल्या एका शिक्षकांना विनवलं. ते म्हणाले, मी संध्याकाळी बसतो, बाबांना घ्या. बाबा खुर्चीत बसले, मशीन सुरू झालं. मी तिथंच उभा होतो. थोडा श्वास सुधारल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "मी आता येत नाय. फोन म्हनतो ये, हितं आलं की नाय म्हनत्यात. येवढा हेलपाटा करून माळावर मरन्यापरीस माळावरच ऱ्हातो."

कमलबाई रडायला लागल्या.

ऑफिसात येऊन नसरीनबरोबर बसलो, तेव्हा घडलेलं उलगडायला फार वेळ लागला नाही. कमलबाईंनी बटन दाबलं, ते सिल्लोडच्या प्रतीत नोंदलं गेलं, आणि फोननं तेवढ्यावरच 'ठरली' म्हणून सांगून टाकलं. ही बातमी शहरात पोहोचायची होती. तेवढ्यात शहरातल्या प्रोग्रॅमला ती खुर्ची रिकामी दिसली आणि त्यानं ती वाट बघणाऱ्या यादीतल्या पुढच्या माणसाला दिली. मग दोन्ही नोंदी एकमेकींवर आदळल्या. नंतरची टिकली, बाबांची गुपचूप पुसली गेली. अखेरीस सगळ्या प्रतींत एकच गोष्ट होती: भागोजीबाबांचं नाव कुठंच नाही. डेटाबेसनं आपलं वचन अक्षरशः पाळलं होतं.

नसरीननं सगळा क्रम पडद्यावर बोट ठेवून पुन्हा एकदा लावून बघितला. मग म्हणाली, "काका, ये तो रुसूबाई है."

होती खरी. सिल्लोड सोडून शहर. मधल्या क्षणात खुर्ची दुसऱ्याच्या नावावर. रुसूबाई महिनोन्महिने लाल होऊन नेमकं हेच सांगत होती आणि आम्ही तिला परत चालवून चहाला जात होतो. मला त्या टपरीची शिसारी आली. पुढं काही दिवस मी चहाच सोडला, त्यानं कुणाचं काय भलं झालं देव जाणे. पित्त तेवढं कमी झालं.

बाबा पुढच्या पाळीला आले नाहीत. त्यापुढच्या पाळीआधी सिस्टरांनी स्वतः फोन केला, खुर्ची आहे म्हणून सांगितलं. बाबांनी कमलबाईंकरवी निरोप दिला, "त्या दिशीबी फोन हेच म्हनत व्हता." मग धाप फारच वाढली तेव्हा जीपमध्ये घालून आणलं, कसंबसं डायलिसिस झालं, आणि ते परत माळावर गेले. सिस्टर मला फोनवर म्हणाल्या, "धाप लागल्यावरच यायचं असं ठरवलंय त्यांनी. असं एकदा-दोनदा निभावतं, जाधव. पुढं नाही."

आता हे टेस्टचं प्रकरण राहिलं नव्हतं. तरी मला येत होतं ते टेस्ट लिहिणंच, म्हणून तेच नीट करायचं ठरवलं. मॅनेजरसाहेबांचा उपाय तयार होता: अजून थोडं थांबा घाला. मी म्हणालो, साहेब, थांबा घालण्यात मी या जिल्ह्यात पहिला आहे, पण पेशंटाच्या आयुष्यात थांबा घालता येत नाही. हे वाक्य मी घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं. त्यांच्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. पण नसरीननं तोवर परत चालवण्याचं बटनच काढून टाकलं होतं.

मग मी सिंधू सिस्टरांकडं गेलो आणि जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. सेंटर बदलल्याचं तुमच्यापर्यंत पोहोचायला किती उशीर चालेल? त्या म्हणाल्या, "अर्धा तास लागला तरी चालेल हो. पण 'ठरली' म्हणून सांगायचं आणि मग नाही म्हणायचं, हे एकदाही चालणार नाही." मी इतकी वर्षं सेकंद मोजत होतो, आणि ज्यांच्यासाठी मोजत होतो त्यांना सेकंदांशी देणंघेणंच नव्हतं.

त्यावरून नवी टेस्ट लिहिली. आंधळं थांबणं काढून टाकलं. आता टेस्ट पुन्हा पुन्हा जाऊन विचारायची, "पोहोचलं का?" पोहोचलं की लगेच पुढं, आणि सिस्टरांनी दिलेल्या मुदतीत नाही पोहोचलं तर लाल. प्रत्येक वेळी नवा पेशंट, म्हणजे कालच्या गणपतची उरलेली नोंद आजच्याला पास करणार नाही. गणपतला मी निवृत्त केलं. जरा वाईट वाटलं.

पण खरी युक्ती नसरीनची. लाइन रखडेल तेव्हा चूक दिसते, मग ती रखडायची वाट कशाला बघायची? तिनं टेस्टसाठी दोन प्रतींच्या मध्ये एक झडप बसवली. शेतात पाइपलाइनला कॉक असतो तशी. टेस्टनं झडप बंद करायची, बातमी अडवून धरायची, पेशंटाचं सेंटर बदलायचं आणि त्या अडलेल्या अवस्थेत बघायचं: फोन 'ठरली' म्हणतोय का? शहरातला प्रोग्रॅम खुर्ची दुसऱ्याला देतोय का? मग झडप उघडायची आणि दोन्हीकडं एकच नाव येतंय का ते बघायचं.

पहिल्यांदा चालवली. लाल. परत चालवली. लाल. कधीही, कितीही वेळा चालवा, लालच. आम्ही दोघं इतके खूश झालो की शेजारची पोरं बघायला आली. आयुष्यात पहिल्यांदा रुसूबाई दर वेळी एकच गोष्ट सांगत होती. मॅनेजरसाहेब म्हणाले, "टेस्ट लाल आहे आणि तुम्ही हसताय काय?" त्यांना समजावणं अवघड होतं. वाळूजच्या फोरमनला एका शब्दात समजलं असतं.

नसरीननं दुरुस्ती केली. शहरातली खुर्ची कुणाला द्यायची हे यापुढं फक्त शहरातली प्रत ठरवणार, आणि तिनं होकार दिल्याशिवाय सिल्लोडची खुर्ची सुटणार नाही. तोवर फोनवर 'ठरली' नाही, 'कळवतोय, थोडं थांबा' असं येणार. झडप बंद असताना टेस्ट हिरवी झाली, उघडी असतानाही झाली, अर्धवट असतानाही झाली. मला गेजमध्ये पिन अलगद बसल्याचा तो जुना आनंद झाला.

पण भागोजीबाबांना हिरव्याचं काय कौतुक? सिस्टर म्हणाल्या, "तुम्हीच जाऊन सांगा." म्हणून एका सकाळी मी स्कूटर काढून पडेगावच्या माळावर गेलो. मेंढरं चरायला गेली होती, पालापाशी कोकरं आणि एक कुत्रं. बाबा पालाच्या सावलीत पडून होते. पायांची सूज दुरूनही दिसत होती. कमलबाईंनी पाणी दिलं.

मी मूर्खासारखा समजावायला लागलो. प्रती, झडप, होकार. बाबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"ते तुमचं चांगलंच आसंल," ते म्हणाले. "पर आता फोन दाबला तर खरं बोलंल का, येवढं सांगा."

टेस्टरला हा प्रश्न विचारू नये. आम्ही 'हो' म्हणत नाही. आम्ही म्हणतो, तपासलं तेवढ्यात चूक आढळली नाही. मी तेच म्हणायला तोंड उघडलं आणि कमलबाईंचा चेहरा बघून थांबलो.

"व्हय," मी म्हणालो. "खरं बोलेल."

"मंग दाब गं," बाबा उठून बसले. "मंगळवारचं शेहरातलं दाब. आन् सायेब, तुमी तुमच्या फोनवरून शिष्टरला इचारा. ह्याच्यावर म्हनलं 'ठरली' आन् शिष्टरकडं नाय, तर तुमचं-मपलं बोलनं खतम."

कमलबाईंनी दाबलं. माळावर इंटरनेट कसलं असणार? 'कळवतोय, थोडं थांबा.' आणि ते तिथंच थांबलं. मी सिस्टरांना फोन लावला. "नाही अजून," त्या म्हणाल्या. कमलबाईंच्या फोनवर तेच. पुन्हा विचारलं, नाही. माझ्या बगलेतून घाम वाहायला लागला. इतक्या टेस्ट लिहिल्या, पण अशी उन्हात, समोर माणूस बसलेला असताना कधी चालवली नव्हती. इथं परत चालवायची सोय नव्हती. बाबा फोनकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

"आलं," सिस्टर म्हणाल्या. "भागोजीबाबा, मंगळवार, सकाळची पाळी. दिसतंय मला."

कमलबाईंच्या फोनवर अजून 'थोडं थांबा'च होतं. मी स्पीकर चालू केला आणि सिस्टरांना परत एकदा वाचायला लावलं. त्या वाचत असतानाच इकडं अक्षरं बदलली: तुमची खुर्ची ठरली.

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "बाई, येऊ का मंग?"

"या बाबा. खुर्ची तुमचीच आहे. दुसऱ्या कुणाला देत नाही."

बाबांनी फोन परत दिला, मला ना शाबासकी ना आभार. सुनेकडं वळून म्हणाले, "कमल, मपलं पांढरं धोतर धुऊन टाक. मंगळवारी जायाचंय."

त्या दिवशी शनिवार होता, वाळायला हवा तेवढा वेळ होता. तरी कमलबाई तशाच उठल्या आणि म्हाताऱ्याचं मन बदलायच्या आत धोतर बादलीत घालून पाण्याकडं पळाल्या.